मंजूताईंचा मॉडेम आणि आण्णांचे कान

आण्णा, म्हणजे माझे वडील, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. त्यांचा हात लागला नाही अशी तार आमच्या भागात नव्हती. तरुणपणी ते केबलचे चर खणायला रोजंदारीवर लागले आणि खणता खणताच कायम झाले. शाळा सातवीपर्यंत. पण चिमटेवाला काळा टेस्ट-हँडसेट तारेला लावून कानाशी धरला की ते डोळे मिटायचे आणि वैद्यानं नाडी बघून सांगावं तसं सांगायचे, हितं पाणी मुरलंय, हितं मुंग्या शिरल्यात, हितं कुणीतरी जोड नुसता पिळून सोडलाय. प्रत्येक बिघाडाला स्वतःचा आवाज असतो, असं त्यांचं म्हणणं. मी लहान असताना रविवारी मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून ते कुठल्यातरी वस्तीवर न्यायचे, टेलिफोनच्या तारांच्या एखाद्या पेटीशी थांबायचे आणि हँडसेट माझ्या कानाला लावायचे. मला समुद्रासारखं काहीतरी ऐकू यायचं. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता, तरी तो असाच असणार असं वाटायचं.

आमचं घर उरवडे गावाच्या कडेला. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड. घरात आवाजांना तोटा नव्हता. सकाळी आईच्या नाचणीच्या भाकरीची थापथाप, गोठ्यात म्हशीच्या साखळीची किणकिण, कारखान्याचा दिवसातून तीनदा वाजणारा भोंगा आणि भिंतीपलीकडे कुठंतरी लोखंड कापणारी करवत. आई त्या भोंग्यावर घर चालवायची. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला आंबेमोहोराचा भात उतरवायचा, तिसऱ्याला म्हशीखाली बसायचं. भात उतरला की त्याचा वास रस्त्यापर्यंत जायचा आणि शेडमधून जेवायला निघालेली माणसं आमच्या दारासमोर जरा हळू चालायची, असं आई मोठ्या अभिमानानं सांगे. आता तो तांदूळ मिळतो, आंबेमोहोर म्हणूनच मिळतो, पण कुकरचं झाकण काढल्यावरसुद्धा शेजारच्या खोलीत कळत नाही.

पुढच्या दोन खोल्या आण्णांनी भाडेकरूंसाठी बांधल्या होत्या. मी अकरावीत गेले त्या वर्षी तिथं वाशिमकडचं एक जोडपं राहायला आलं. किशोरदादा शेडमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर, आणि त्यांची बायको मंजूताई. मंजूताई कॉम्प्युटर शिकलेल्या होत्या, पुण्यात नोकरीला जायच्या. पण त्यांना दिवस गेले. त्याआधी दोनदा गर्भ पडला होता, म्हणून डॉक्टरांनी या खेपेला बसचा प्रवास बंद केला. त्यांच्या कंपनीनं मग त्यांना घरी बसून करण्यासारखं काम दिलं. परदेशातले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याची हकिगत तोंडानं रेकॉर्ड करून ठेवत. ते रेकॉर्डिंग मंजूताईंनी फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं, ऐकत ऐकत टाइप करायचं आणि टाइप केलेलं त्याच तारेवरून दुपारी तीनच्या आत परत पाठवायचं. आण्णांनी खटपट करून त्यांच्या खोलीत फोनची वेगळी जोडणी घेऊन दिली. तार स्वतः ओढली. खिळेसुद्धा स्वतः मारले.

मॉडेम नावाची ती पेटी डब्यातून निघाली तेव्हा आम्ही सगळे उंबऱ्यापाशी उभे होतो. पाठ्यपुस्तकाएवढी, पुढं लाल दिव्यांची रांग. मंजूताईंनी बटण दाबलं. आधी नंबर फिरवल्याचे टिकटिक आवाज आले, मग एक लांब शिट्टी, मग दुसरी, आणि मग खरवडल्यासारखा, फसफसल्यासारखा असा काही गलका उठला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आई म्हणाली, काहीतरी पिचलंय आत. आण्णा मात्र पुढं झुकून, मान तिरकी करून ऐकत राहिले. गलका अचानक थांबला. आण्णांनी विचारलं, बोलली का ती दोघं, हिकडची नि तिकडची? मंजूताई हसल्या आणि म्हणाल्या, हो काका, आता बोलताहेत, पण आपल्याला ऐकू येणार नाही, पेटीचा स्पीकर बंद झाला.

ते बोलणं म्हणजे नक्की काय, याचा मला ध्यास लागला. दुपारी कॉलेजातून आले की मी दप्तर टाकून मंजूताईंच्या खोलीत जायची. त्यांना कवठाच्या चटणीचे डोहाळे होते. मी कवठ फोडायची, त्या सांगायच्या. कॉम्प्युटरला फक्त शून्य आणि एक एवढंच कळतं, आणि फोनची तार बांधलीय माणसाच्या आवाजासाठी. माणसाच्या गळ्यातून जे निघतं, फार खर्जातलं नाही नि फार किनरं नाही, तेवढंच तिच्यातून जातं. म्हणून शून्य आणि एक यांना आवाजाचं सोंग घ्यावं लागतं. इकडची पेटी आकड्यांचा आवाज करते, तिकडची पेटी आवाजाचे पुन्हा आकडे करते. अगदी सुरुवातीच्या पेट्या साध्या होत्या, एका सुराची शिट्टी म्हणजे शून्य, दुसऱ्या सुराची म्हणजे एक. पण अशा एकेक शिट्ट्या मारत बसलं तर एक पान जायला युग लागेल.

मग काय करतात, मी विचारलं. त्या उठल्या, पोट सांभाळत अंगणात आल्या आणि आईच्या रांगोळीच्या डब्यातून चिमूट घेऊन त्यांनी जमिनीवर चार ओळींत चार-चार असे सोळा ठिपके काढले. आता सूर एकच ठेवायचा, पण तो किती मोठा काढायचा आणि लाटेच्या कुठल्या वळणावर सुरू करायचा, हे दोन्ही बदलायचं, त्या म्हणाल्या. त्या दोहोंचा मेळ म्हणजे यातला एक ठिपका. सोळा ठिपके असले, तर एका ठिपक्याकडं बोट दाखवलं की शून्य-एकचे चार आकडे एका दमात पोचले. ठिपके वाढवले की एका दमात आणखी जास्त.

आण्णा बाजेवर बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजी एक हाक मारायची आन चार निरोप पोचवायचे."

"हो काका, पण हाक स्वच्छ ऐकू गेली पाहिजे," असं म्हणून मंजूताईंनी पायाच्या अंगठ्यानं रांगोळी किंचित फराटली. ठिपके एकमेकांत मिसळले. लाइनवर खरखर असली की असं होतं. हा ठिपका की तो, तिकडच्या पेटीला कळत नाही. मग पेट्या शहाणपणा करून थोडेच ठिपके घेतात, लांब लांब काढलेले. चूक होत नाही, पण वेग पडतो. सुरुवातीचा तो सगळा गलका त्यासाठीच. तुझी तार कशी आहे, माझी कशी आहे, किती ठिपके झेपतील, हे दोघी आधी ठरवून घेतात, आणि जो वेग ठरला त्याचा आकडा पडद्यावर येतो. आमच्या तारेवर तो एकतीस हजार दोनशे यायचा. एका सेकंदाला एवढे शून्य-एक. आण्णांना हा आकडा फार आवडला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, आमच्या लाइनीला एकतीस हाय.

दुसरी गोष्ट मला त्याहून गमतीची वाटली. रेकॉर्डिंग उतरायला तासतास लागायचा, पण मंजूताईंनी टाइप केलेली पानं चुटकीसरशी निघून जायची, आकड्याच्या हिशेबानं जायला हवीत त्याहूनही लवकर. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी टाइप केलेलं पान पुढ्यात ठेवलं. सगळ्या डॉक्टरांची भाषा एकच. रोग्याचं वय अमुक, रोग्याला त्रास तमुक, रोग्याला ताप नाही, रोग्याला खोकला नाही. पाठवताना पेटी एक यादी करत जाते. एखादा अक्षरसमूह पुन्हा आला की तो अख्खा पाठवायचाच नाही, यादीतला त्याचा क्रमांक पाठवायचा. तिकडची पेटीही ऐकता ऐकता तीच यादी बनवत असते, त्यामुळं यादी वेगळी धाडावी लागत नाही. मजकूर जितका लांब आणि जितका तोचतोच, तितका आटतो. रेकॉर्डिंगचं मात्र तसं नाही. ते आधीच दाबून बसवलेलं असतं, आणि आवळून बांधलेलं गाठोडं आणखी आवळता येत नाही. पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, आज तंत्रनिकेतनात हाच विषय शिकवते. फळ्यावर गणित मांडण्याआधी अजूनही मी सोळा ठिपके काढते. मुलांना वाटतं ही माझी युक्ती.

माघ सरत आला आणि लाइन बिघडली. सकाळी ठीक असायची. उन्हं चढली की कनेक्शन तुटायचं, पुन्हा जोडलं की आकडा चौदा हजार चारशे, कधी नऊ हजार सहाशे, आणि पाच मिनिटांत पुन्हा तुटायचं. अर्धं उतरलेलं रेकॉर्डिंग वाया, पुन्हा पहिल्यापासून. मंजूताईंची पानं तीनच्या ऐवजी पाचला, सहाला जायला लागली. पुण्याहून फोन आला, कंपनीतल्या बाई गोड बोलल्या, पण सोमवारपासून वेळेत आलं नाही तर काम दुसरीला द्यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. किशोरदादा बायकोची समजूत काढायला म्हणाले, जाऊ दे, तू वाशिमला आईकडं जा, बाळंतपण तिकडंच होईल. नंतर मंजूताई मला एवढंच म्हणाल्या, "दिवसभर नुसती पडून राहिली ना रंजू, तर मले मागचे दोन आठवतात." दोन काय, ते विचारायची मला गरज नव्हती.

शनिवारी मी दुपारी घरी होते. आण्णा हँडसेट घेऊन रस्त्याकडेच्या पहिल्या लोखंडी पेटीशी गेले, मीही मागं गेले. त्यांनी मंजूताईंच्या फोनच्या दोन तारांची जोडी शोधून चिमटे लावले, कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, लाइन स्वच्छ हाय, ताईंच्या त्या मॉडेमच्या पेटीतच काहीतरी झालं असंल. मी सवयीनं हात पुढं केला आणि त्यांनीही सवयीनं हँडसेट दिला. कानाला लावला, तर एक बारीक, धारदार सूं सूं आवाज. गवतातून साप जावा तसा, आणि मध्येच कट् कट्. इतका उघड, की मला आधी वाटलं ते माझी परीक्षा घेताहेत.

"आण्णा, बारीक शिट्टीवानी वाजतंय की."

त्यांनी हँडसेट परत घेतला. एका कानाला लावला, मग दुसऱ्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांच्या कपाळावर आठी आली आणि तशीच राहिली. त्यांनी चिमटे काढले, पेटी लावली, कुलूप घातलं, ते दोनदा ओढून बघितलं. म्हणाले, "आयला सांगू नगंस."

मी सोळा वर्षांची होते. लाइनमनला ऐकू येत नाही म्हणजे काय होतं, हे मला कळत होतं. तारेवरून काढून कुठंतरी दारावर बसवतील, किंवा फायली इकडून तिकडं न्यायला लावतील. पण मला रडू आलं ते त्यासाठी नाही. ते दोन्ही कानांनी ऐकून बघत होते, आणि तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या मुलासारखी आशा होती, म्हणून. बहुतेक वर्षानुवर्षं एक्स्चेंजच्या जनरेटरशेजारी काढल्यानं असेल. बोलणं त्यांना नीट ऐकू यायचं, म्हशीचं हंबरणं, भोंगा, सगळं. फक्त वरचे, बारीक आवाज कधीतरी त्यांना सोडून गेले होते, न सांगता. त्या दिवशी आईनं पावट्याची उसळ केली होती, सोबत भाजलेली सुकट. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि पोट बरं नाही म्हणून उठले.

रविवारी सकाळी आम्ही चहा पीत होतो तेव्हा ते उठून मंजूताईंच्या दाराशी गेले आणि तिथंच उभं राहून म्हणाले, "ताई, ती पेटी दर येळेला आकडा दावती न्हवं?"

मंजूताई म्हणाल्या, दाखवते.

"मंग मला आवाज नगं. तुमी आकडा सांगा."

घरापासून एक्स्चेंजपर्यंत आमच्या तारेला पाच ठिकाणी जोड होते. आण्णांचा बेत साधा होता. उन्हं चढल्यावर, बिघाड जागा झाला की निघायचं. प्रत्येक पेटीत आमच्या जोडीचा जोड उकलायचा, तार खरवडून पुन्हा बांधायची. ठरल्या वेळी मंजूताईंनी मॉडेम लावायचा, आकडा बघायचा, मॉडेम बंद करून साधा फोन उचलायचा. त्या वेळेपासून दहा मिनिटांनी आण्णा इकडं हँडसेट लावतील. एकाच तारेवर दोन फोन उचलले की एकमेकांशी बोलता येतं, नंबर फिरवायला लागत नाही. मॉडेम चालू असताना मात्र आपण चिमटा लावायचा नाही, त्यांनी मला बजावलं, न्हाईतर आपलाच अडथळा व्हायचा.

ते सायकल हातात धरून चालत होते आणि मी घड्याळ बघत. पहिल्या पेटीत त्यांनी जोड बांधला. दहा मिनिटं झाली, चिमटे लावले. पलीकडून मंजूताईंचा आवाज, चौदा चारशे, काका. आण्णा म्हणाले, बरं. दुसरी पेटी कारखान्याच्या कुंपणाला लागून. तिथंही चौदा. तिसरीत आकडा आणखी घसरला, नऊ सहाशे. मी म्हटलं, इथंच असेल का? ते म्हणाले, न्हाई, ऊन वाढलं म्हणून पडला, पुढं चल. त्यांच्या हातांना जी खात्री होती ती कानांशिवायही होती, हे मला त्या रस्त्यावर चालताना दिसत होतं, पण त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे.

चौथी पेटी ओढ्यावरच्या मोरीपलीकडं, करंजाच्या सावलीत होती. झाकण काढलं तर आत मातीच माती. मुंग्यांनी तळापासून घर केलं होतं, आणि त्या मातीत आमच्या जोडीच्या तांब्यावर हिरवा कळंक चढला होता. ऊन लागलं की तिथं तार जराशी ढिली पडत असणार. आण्णांनी खिशातून ब्रश काढला, माती झाडली, तार हिरवी होती तिथवर कापून टाकली, नवा तुकडा घातला, पिळून कथलाचा डाग दिला. घाई केली नाही. मुंग्या त्यांच्या मनगटावर चढत होत्या, त्या त्यांनी फुंकरीनं उडवल्या. मग आम्ही मोरीच्या कठड्यावर बसून दहा मिनिटं काढली. ती मिनिटं फार लांब वाटली. चिमटे लावले, आणि त्यांनी हँडसेट माझ्याकडं न देता स्वतःच्या कानाला धरला.

मला पलीकडचा आवाज पुसट ऐकू आला, शब्द कळले नाहीत. आण्णा म्हणाले, "पुन्यांदा सांगा." मग ऐकलं. मग माझ्याकडं बघून त्यांनी एका हाताची तीन बोटं वर केली आणि नंतर एक. पाचव्या पेटीपर्यंत जायची गरज पडली नाही. तरी ते गेले, आणि तोही जोड नवा बांधून आले.

सोमवारी मंजूताईंची पानं अडीचला गेली. त्यांचं काम राहिलं, आणि त्या वाशिमला गेल्या नाहीत. चैत्र उलटल्यावर त्यांना मुलगी झाली, पौडच्या दवाखान्यात. तिची पहिली आंघोळ आमच्या आईनं घातली. दोन-तीन वर्षांनी ती मंडळी पुण्यात राहायला गेली. त्या रविवारनंतर त्याच आठवड्यात आण्णा स्वतः साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले आणि कानाचं सांगितलं. साहेब भला माणूस होता. त्यानं त्यांना दारावर न बसवता एक्स्चेंजमध्ये जोडण्यांच्या फळ्यावर घेतलं, जिथं डोळे आणि हात लागतात. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच होते. आता ते नाहीत.

पण त्या रविवारच्या जेवणाचं सांगायचं राहिलं. आम्ही परत आलो तेव्हा दुपार कलली होती. मंजूताईंनी दारातूनच हात जोडले. आईनं झाकून ठेवलेलं ताट वाढलं, भात गार झाला होता, त्यावर गरम आमटी ओतली. आण्णा दोन घास जेवले आणि थांबले. ताटाकडं बघत त्यांनी आईला सांगितलं, की बारीक आवाज मला ऐकू येईनात, काल कळलं.

आई पाणी ओतत होती. ती म्हणाली, "मला दोन वरसं झाली कळून."

आण्णांनी मान वर केली.

"तुमास्नी लांबनं हाक मारायची म्या कवाच सोडली. जवळ येऊन सांगती. ध्यानात आलं न्हाई व्हय?"

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमचं कान," आई म्हणाली. "तुमीच सांगायचं, म्हणून गप ऱ्हायले." आणि तिनं तांब्या खाली ठेवून त्यांच्या भातावर आणखी एक पळी आमटी घातली.